महिला महाविद्यालयातून जागतिक नेतृत्व घडतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिला महाविद्यालयाचा विषय निघाला की बोलणं बहुतेकदा सुरक्षिततेपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. इथे त्यापुढचे प्रश्न घेतले आहेत. प्रवेशाचा विचार करणाऱ्या मुली आणि त्यांचे पालक ते विचारतात. अशा महाविद्यालयांत शिकवणारी मंडळीही विचारतात, जरा हळू आवाजात.

‘जागतिक नेतृत्व’ सगळ्याच माहितीपत्रकांत छापलेलं असतं. प्रत्यक्षात त्यात काय येतं?

दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या आणि तुमचं ऐकायला मुळीच बांधील नसलेल्या माणसांबरोबर बसून एखादं काम तडीस नेता येणं. बाकीचं माहितीपत्रकवाल्यांवर सोडा.

एक उदाहरण घेऊ. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या. पन्नास देशांची प्रतिनिधीमंडळं जमली होती आणि सही करणाऱ्यांत स्त्रिया होत्या चार: ब्राझीलच्या बर्था लुट्झ, डॉमिनिकन रिपब्लिकच्या मिनर्व्हा बर्नार्डिनो, चीनच्या वू यीफांग आणि अमेरिकेच्या व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह. या चौघींपैकी दोघी महिला महाविद्यालयांच्या प्रमुख होत्या. वू यीफांग नानजिंगच्या जिनलिंग महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, पुढे १९२८ पासून त्याच महाविद्यालयाच्या अध्यक्ष. गिल्डरस्लीव्ह १९११ पासून न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या डीन.

याला मी योगायोग मानत नाही. त्या काळात शंभर-दोनशे माणसांचा कारभार हाकणं, अंदाजपत्रक मांडणं, नेमणुका करणं, देणगीदारांची मनधरणी करणं आणि विश्वस्तांशी भांडणं ही सगळी कामं एका बाईच्या हाती येतील अशा जागा जगात फार थोड्या होत्या. महिला महाविद्यालय ही त्यातली एक. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेबलाशी या दोघी पोचल्या तेव्हा त्यांच्यामागे कारभाराची कित्येक वर्षं जमा होती.

आता तर सगळी दारं उघडी आहेत. मग वेगळ्या कॉलेजची गरज काय उरली?

दारं उघडली, हे खरं. पण आत किती जणी पोचल्या? जगभरातल्या राष्ट्रीय संसदांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे २७ टक्के आहे. त्याच संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसपदावर आजवर एकही स्त्री बसलेली नाही.

सहशिक्षणाच्या कॉलेजात मुली नेतृत्व शिकत नाहीत का?

शिकतात. त्यातल्या कित्येक जणी फार पुढे जातात. फरक असतो तो किती जणींच्या वाट्याला संधी येते यात.

मिश्र कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कामं कशी वाटली जातात ते आठवून पाहा. सूत्रसंचालन, स्वागत आणि सजावट मुलींकडे. हिशेब, ध्वनिव्यवस्था आणि पोलिसांची परवानगी मुलांकडे. कोणी ठरवून केलेलं नसतं, तरी दरवर्षी तसंच होतं. महिला महाविद्यालयात ही वाटणी करताच येत नाही, कारण दुसरी बाजूच नाही. अध्यक्ष मुलगी, खजिनदार मुलगी, नियतकालिकाची संपादक मुलगी, नाटकाच्या दिव्यांसाठी शिडीवर चढणारी मुलगी, मतमोजणीवर हरकत घेणारीही मुलगी. आणि जी निवडणूक हरली तीसुद्धा मुलगीच, त्यामुळे ‘मुलगी म्हणून हरले’ हे कारण तिला देता येत नाही. तिला आपला प्रचार तपासावा लागतो. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

वर्गातही असंच. २०१८ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. दहा देशांतल्या जवळपास अडीचशे विद्यापीठीय व्याख्यानांमध्ये कोण प्रश्न विचारतं याची नोंद त्यात ठेवली होती. श्रोत्यांतल्या स्त्रियांच्या संख्येच्या मानाने त्यांचे प्रश्न बरेच कमी निघाले, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला असेल तर ही दरी आणखी वाढलेली दिसली. लक्षात घ्या, तिथे बसलेल्या बायका संशोधक होत्या, प्राध्यापिका होत्या. अठरा वर्षांच्या मुलीची काय कथा. चार वर्षं पहिला, दुसरा आणि दहावा प्रश्नही मुलीच विचारतात अशा खोलीत बसल्यावर हात वर करण्यात काही विशेष वाटेनासं होतं.

हे शिक्षण वर्गात होतं की वर्गाबाहेर?

दोन्हीकडे, पण ‘नेतृत्व’ नावाच्या विषयाच्या तासाला सगळ्यांत कमी होतं, असं माझं मत आहे.

वर्गाबाहेरचं आधी. फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात १८९२ साली विद्यार्थिनींनी स्वशासन संघटना काढली आणि वागणुकीचे नियम करण्याचा अधिकार प्रशासनाकडून स्वतःकडे घेतला. अमेरिकेत त्या वेळी बायकांना राष्ट्रीय पातळीवर मतदानाचा हक्क नव्हता. तो १९२० साली आला. म्हणजे मत देण्याचा हक्क मिळण्याच्या २८ वर्षं आधी या मुली घटना लिहीत होत्या, ठरावावर सूचना-उपसूचना मांडत होत्या, आपल्याच मैत्रिणीला नियमभंगाबद्दल जाब विचारत होत्या. शेवटचं काम सर्वांत अवघड. अधिकार हाती असताना ओळखीच्या माणसाशी न्यायाने वागणं हे कोणत्याही कार्यशाळेत शिकता येत नाही.

अमेरिकेतल्याच वेलस्ली या महिला महाविद्यालयाचं १९६९ सालचं उदाहरण पुष्कळांना माहीत असेल. पदवीदान समारंभात विद्यार्थिनींच्या वतीनेही कोणीतरी बोलावं असा आग्रह मुलींनी धरला आणि तो मान्य करून घेतला. तोवर तिथे तशी प्रथा नव्हती. बोलायला उभी राहिली विद्यार्थिनी मंडळाची अध्यक्ष हिलरी रॉडॅम, म्हणजे पुढच्या हिलरी क्लिंटन. तिच्या आधी सिनेटर एडवर्ड ब्रुक यांचं भाषण झालं होतं. तिने स्वतःच्या भाषणाची सुरुवात त्यांच्या मुद्द्यांना तिथल्या तिथे उत्तर देऊन केली. भाषण कसं होतं यावर मतभेद असू शकतात. पण ते व्यासपीठ तिला आयतं मिळालेलं नव्हतं, बरोबरीच्या मुलींनी वाटाघाटी करून मिळवलेलं होतं, हे महत्त्वाचं.

आता वर्गातलं. माउंट होल्योक कॉलेजात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲना मे सोल नावाच्या प्राध्यापिका अमेरिकेचा आर्थिक इतिहास शिकवत. त्यांनी विद्यार्थिनींना जवळच्या गिरण्यांमध्ये जाऊन कामगारांची स्थिती पाहून यायला सांगितलं. त्या वर्गात फ्रान्सिस पर्किन्स होत्या. १९०२ ला त्या पदवीधर झाल्या आणि १९३३ साली अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री मंत्री बनल्या, खातं कामगारांचं. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि कामाचे तास व किमान वेतन ठरवणारा १९३८ चा कायदा यांमागे त्यांचा मोठा वाटा होता. एका प्राध्यापिकेने ‘पुस्तक मिटा आणि बघून या’ म्हणावं आणि तेही नेमक्या त्या मुलीला, असा योग रोज येत नाही हे कबूल. पण जिथे असं म्हणण्याची पद्धत आहे तिथे योग यायची शक्यता तरी असते.

यातला ‘जागतिक’ भाग नेमका कसा शिकवतात?

आधी एक गोष्ट: ही महाविद्यालयं बऱ्याच अंशी एकमेकींकडे पाहून, समुद्रापलीकडून उभी राहिली आहेत. जपानने १८७१ साली काही मुलींना शिकायला अमेरिकेला पाठवलं. त्यातली सर्वांत लहान त्सुदा उमेको सहा वर्षांची होती. मोठेपणी ती पुन्हा अमेरिकेत गेली, ब्रिन मॉरमध्ये शिकली आणि १९०० साली तिने टोकियोत मुलींसाठी संस्था काढली. तेच आजचं त्सुदा विद्यापीठ. २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचं चित्र आहे. त्याच टोकियोत १९०१ साली महिला विद्यापीठ सुरू झालं. त्याची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली आणि १९१६ साली भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं.

विद्यार्थिनींची गोष्टही अशीच. पेनसिल्व्हेनियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली सुरू झालं. तिथलं १८८५ चं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. त्या काळी आशियाच्या तीन टोकांवरून निघालेल्या तीन मुली वैद्यक शिकायला एका छताखाली येऊ शकत होत्या, कारण ते छत बायकांसाठीच बांधलेलं होतं.

आजच्या पद्धती पाहायच्या तर चार-पाच प्रकार दिसतात. परदेशात एक सत्र किंवा वर्ष घालवणं हा सर्वांत जुना. अमेरिकेतल्या स्मिथ या महिला कॉलेजने १९२५ सालीच मुलींना वर्षभरासाठी पॅरिसला पाठवलं होतं. भाषा हा दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. परकी भाषा नीट शिकलेली मुलगी निदान एवढं जाणते की समोरच्याला शब्द सापडत नाहीत म्हणजे त्याला विचार सुचत नाहीत असं नव्हे. मग अभ्यास आणि काम यांची सांगड. वेलस्लीच्या माजी विद्यार्थिनी आणि अमेरिकेच्या पहिल्या स्त्री परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांच्या नावाची संस्था त्याच कॉलेजात आहे. तिथे निवडक विद्यार्थिनी जानेवारीत तीन आठवडे एखाद्या जागतिक प्रश्नावर गटाने काम करतात. गटात अर्थशास्त्राची मुलगी असते, जीवशास्त्राची असते, संगीताचीही असते. उन्हाळ्यात मग इंटर्नशिप.

आणि वसतिगृह. बांगलादेशातल्या चितगावच्या एशियन युनिव्हर्सिटी फॉर विमेनमध्ये (स्थापना २००८) आशियाच्या अनेक देशांतल्या मुली एकत्र राहतात. त्यातल्या काहींच्या देशांचं आपसांत वैर आहे. कुठल्याही परिसंवादात सहिष्णुतेवर टाळ्या मिळतात. पण खोलीत दिवा किती वाजेपर्यंत चालू ठेवायचा, प्रार्थनेच्या वेळी गाणी लावायची की नाही, हे रोज रात्री नव्याने ठरवावं लागतं. राजनय याहून फार निराळा नसतो.

परदेशी गेल्याशिवाय हे जमणारच नाही का?

जमतं. पंधरा दिवसांच्या ‘अभ्यासदौऱ्या’पेक्षा घरबसल्या एक परकी भाषा आणि एका शेजारी देशाचा इतिहास नीट शिकणं कितीतरी उपयोगाचं.

विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलींसाठी अशा कॉलेजात काही आहे का? तिथे म्हणे सगळी कलाशाखाच.

ही समजूत जुनी आहे. स्मिथ कॉलेजने १९९९ साली स्वतःचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या महिला महाविद्यालयांत तो पहिला. त्याच्याही फार आधी, ऑक्सफर्डचं समरव्हिल कॉलेज फक्त स्त्रियांसाठी होतं तेव्हा, डोरोथी हॉजकिन तिथे रसायनशास्त्र शिकवत. त्यांना पुढे १९६४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी पुढे ब्रिटनची पंतप्रधान झाली: मार्गारेट थॅचर. राजकारणात दोघींची तोंडं दोन दिशांना, ते वेगळं.

शिक्षिकांच्या असण्याने फरक पडतो, याला चांगला पुरावाही आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कोणाच्या वर्गात कोण शिक्षक येणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. तिथला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या गणित-विज्ञानाच्या विषयांना शिक्षिका लाभलेल्या मुलींची, विशेषतः हुशार मुलींची, कामगिरी सुधारली आणि त्या विज्ञानशाखेत टिकल्याही जास्त. मुलग्यांवर फारसा परिणाम दिसला नाही.

बाहेरचं जग मिश्र आहे. पुरुषांबरोबर काम करायची सवय राहिली नाही तर?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. चिंता रास्त आहे, पण थोडी अतिरंजित. महिला महाविद्यालय म्हणजे मठ नव्हे. तिथे पुरुष प्राध्यापक असतात. बहुतेक चांगल्या संस्थांचे शेजारच्या मिश्र विद्यापीठांशी करार असतात. वेलस्लीच्या विद्यार्थिनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान विद्यापीठात विषय घेऊ शकतात. स्मिथ आणि माउंट होल्योक परिसरातल्या तीन मिश्र संस्थांबरोबर एका गटात आहेत. इंटर्नशिप, स्पर्धा आणि घर इथे तर पुरुष भेटतातच.

खरी अडचण वेगळी असते. चार वर्षं आपलं बोलणं पुरं होईपर्यंत सगळे ऐकून घेतात याची सवय लागलेली मुलगी पहिल्या नोकरीत जाते आणि बैठकीत तिचं वाक्य कोणीतरी मध्येच तोडतं. तिला धक्का बसतो. असा धक्का बसणं मला वाईट वाटत नाही. ज्याची सवय झाली त्याला आपण अन्याय म्हणत नाही. पण त्या क्षणी काय करायचं याची तयारी कॉलेजने करून घ्यायला हवी, आणि सगळी कॉलेजं ती घेत नाहीत. वाटाघाटी, पगार मागणं, मध्येच तोडलेलं वाक्य शांतपणे पुन्हा हाती घेणं यांचा सराव शेवटच्या वर्षी होतो का, हे जरूर विचारा.

याचा उपयोग होतो याला ठोस पुरावा आहे का?

काही आहे. जाहिरातीत दाखवतात तितका नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात महिला महाविद्यालयांच्या पदवीधर नामवंतांच्या यादीत प्रमाणाबाहेर जास्त आढळल्या. त्यावर टीकाकारांनी बोट ठेवलं ते बरोबर होतं: येल आणि प्रिन्स्टनने पदवीला मुली घ्यायला सुरुवात केली १९६९ साली. तोवर सधन घरांतल्या हुशार मुलींना प्रतिष्ठित कॉलेज म्हणून महिला महाविद्यालयाशिवाय फारसा पर्यायच नव्हता. मग यश कॉलेजचं की निवडून आलेल्या मुलींचं?

२००४ सालचा एक अभ्यास मला अधिक पटतो. त्यात महिला महाविद्यालयात आणि मिश्र महाविद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या मुलींच्या मनातले नकळत बसलेले पूर्वग्रह मोजले. सुरुवातीला दोन्हीकडे सारखेच होते. वर्षभराने महिला महाविद्यालयातल्या मुलींचे ‘नेता म्हणजे पुरुष’ छापाचे पूर्वग्रह जवळजवळ नाहीसे झालेले आढळले, तर मिश्र महाविद्यालयातल्या मुलींचे वाढलेले. कारण शोधलं तर ते फक्त मुलींचा वर्ग हे निघालं नाही. किती प्राध्यापिकांशी गाठ पडली यावर ते अवलंबून होतं. म्हणजे नुसतं मुलींना एकत्र बसवून भागत नाही, फळ्यापाशी कोण उभं आहे तेही पाहावं लागतं.

शाळांच्या पातळीवर दक्षिण कोरियातल्या सोल शहरात विद्यार्थ्यांचं शाळावाटप लॉटरीने होत असल्यामुळे तिथे स्वच्छ तुलना करता आली. मुलींच्या वेगळ्या शाळांतून चार वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या महाविद्यालयांत जाण्याचं प्रमाण जास्त निघालं. उलट बाजूने, २०११ साली काही नामवंत मानसशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन लिहिलं की मुलं-मुली वेगळे केल्याने शिक्षण सुधारतं याला भक्कम आधार नाही आणि वेगळेपणामुळे साचेबद्ध कल्पना वाढू शकतात. मी दोन्ही वाचून एवढंच म्हणेन की ‘महिला’ या पाटीने काही सिद्ध होत नाही, आत काय चालतं त्याने होतं.

इथून शिकून मोठ्या झालेल्या काही स्त्रियांची नावं सांगाल?

ऑलब्राइट आणि क्लिंटन वर आल्याच. दक्षिण कोरियाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान हान म्यंग-सूक या सोलच्या इह्वा महिला विद्यापीठाच्या. ती संस्था १८८६ साली एका विद्यार्थिनीवर सुरू झाली होती. फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या कोराझोन अक्विनो न्यूयॉर्कच्या माउंट सेंट व्हिन्सेंटच्या, तेव्हा ते फक्त मुलींचं होतं. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या पहिल्या स्त्री सभापती नॅन्सी पेलोसी वॉशिंग्टनच्या ट्रिनिटीच्या, हार्वर्डच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष ड्रू फाउस्ट ब्रिन मॉरच्या. इंदिरा गांधी काही काळ समरव्हिलमध्ये होत्या. म्यानमारच्या नेत्या आँग सान सू ची दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात आणि नंतर ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूजमध्ये, जे त्या वेळी स्त्रियांचंच होतं.

अशा याद्या वाचताना एक पथ्य पाळा. महिला महाविद्यालयातून आलेली नेता बायकांच्या बाजूने उभी राहीलच असं नाही. सनदेच्या त्याच परिषदेत लुट्झ आणि बर्नार्डिनो स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख असावा म्हणून झगडत होत्या, आणि बर्नार्डच्या डीन असलेल्या गिल्डरस्लीव्ह यांना तसा वेगळा उल्लेख नको होता. स्त्री-पुरुष दोघांनाही सर्व पदं खुली राहतील असं सांगणारं सनदेतलं आठवं कलम आलं ते लॅटिन अमेरिकी स्त्रियांच्या आग्रहामुळे. कॉलेज आवाज देतं. त्या आवाजात काय बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

माजी विद्यार्थिनींच्या जाळ्याबद्दल फार ऐकतो. त्याचा खरंच उपयोग होतो?

होतो, आणि कधी कधी कॉलेजलाच होतो. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर कॉलेजच्या विश्वस्तांनी मार्च २०१५ मध्ये संस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं. माजी विद्यार्थिनींनी वकील नेमले, निधी उभा केला, न्यायालयात गेल्या. जूनमध्ये तडजोड झाली, नवं विश्वस्त मंडळ आलं आणि कॉलेज चालू राहिलं. चार महिन्यांत, वेगवेगळ्या गावांत विखुरलेल्या बायकांनी हे केलं. नेतृत्वाच्या परीक्षेचा याहून चांगला पेपर कोणी काढू शकणार नाही.

रोजच्या व्यवहारात जाळ्याचा उपयोग साधा असतो: परक्या शहरात उतरल्यावर फोन करता येईल असं एक नाव, मुलाखतीआधी खरी माहिती देणारं माणूस. यासाठी यादी अद्ययावत असावी लागते. ती कोण ठेवतं, एवढं विचारून घ्या.

हे सगळं श्रीमंतांच्या मुलींसाठी नाही का?

बऱ्याच नामवंत संस्थांचा इतिहास तसाच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरी परंपराही आहे. अटलांटाचं स्पेलमन कॉलेज १८८१ साली चर्चच्या तळघरात सुरू झालं. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजातल्या कृष्णवर्णीय स्त्रिया हे तिथले पहिले विद्यार्थी. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. आजच्या काळात चितगावच्या त्याच महिला विद्यापीठाने २०१६ पासून कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगार मुलींना घ्यायला सुरुवात केली. आधी तयारीचं शिक्षण, मग पदवी. त्या शिकत असताना कारखाने त्यांचं वेतन चालू ठेवतात. हा शेवटचा मुद्दा मला शिष्यवृत्तीपेक्षाही शहाणपणाचा वाटतो. गरीब घरातली मुलगी शिकायला गेली की फी तर लागतेच, शिवाय घरात येणारी तिची कमाई थांबते. शिष्यवृत्तीचे नियम करणारे नेमकं हे विसरतात.

अशी कॉलेजं बंद पडत चालली आहेत, खरं ना?

अमेरिकेत, हो. १९६० च्या सुमारास तिथे दोनशेहून अधिक होती. आता तीसच्या आसपास उरली आहेत. व्हॅसारने १९६९ साली मुलगे घेतले, रॅडक्लिफ १९९९ मध्ये हार्वर्डमध्ये पूर्णपणे विलीन झालं, मिल्स २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात. इतरत्र चित्र निराळं आहे. इह्वा भक्कम उभं आहे. रियाधचं प्रिन्सेस नूरा विद्यापीठ जगातल्या सर्वांत मोठ्या महिला विद्यापीठांपैकी एक आहे.

ट्रान्स विद्यार्थिनींना प्रवेश मिळतो का?

संस्थेवर अवलंबून. अमेरिकेतल्या बऱ्याच नामवंत महिला महाविद्यालयांनी २०१४-१५ मध्ये नियम बदलून प्रवेश खुला केला. टोकियोच्या ओचानोमिझु विद्यापीठाने २०२० पासून. अर्ज करण्याआधी लेखी नियम मागून घ्या.

मग कुठल्याही महिला महाविद्यालयात घातलं तरी चालेल?

अजिबात नाही. काही महिला महाविद्यालयं मुलींना जगासाठी तयार करतात आणि काही मुलींना जगापासून लांब ठेवतात. पाटी दोन्हींची सारखीच. दुसऱ्या प्रकारात फाटक सहाला बंद होतं, विद्यार्थिनी मंडळ प्राचार्यांनी ‘नेमलेलं’ असतं, कार्यक्रमाला पाहुणे पुरुष आणि ओवाळायला मुली, आणि ‘महिला सक्षमीकरण’ वर्षातून एकदा, मार्चच्या आठ तारखेला होतं. अशा ठिकाणी मुलगी शिस्तशीर होईल; निर्णय घ्यायला शिकेल याची खात्री नाही.

प्रवेशाआधी काय विचारावं?

प्राचार्यांना कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना जास्त विचारा. विद्यार्थिनी मंडळाची निवडणूक होते का, आणि मंडळाच्या हाती पैसे असतात का? खर्चाच्या कागदावर शेवटची सही कोणाची? गेल्या वर्षात मुलींच्या मागणीवरून बदललेला एक तरी नियम सांगा म्हणावं. एकही आठवला नाही तर काय ते समजा. विभागप्रमुखांत बायका किती, आणि भौतिकशास्त्र, गणित, अर्थशास्त्रात किती? परदेशी जाण्याच्या योजनेची छायाचित्रं सगळे दाखवतात. गेल्या तीन वर्षांत कितीजणी गेल्या आणि त्यातल्या किती जणींना पूर्ण खर्च मिळाला, हे विचारा. कोणत्या परकी भाषा सलग तीन वर्षं शिकवतात? नुसतं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र धरू नका.

आणि एका वर्गात मागे बसायची परवानगी मागा. पाऊण तासात किती मुली बोलल्या, शिक्षकाशी कोणी असहमत झालं का, असहमत झाल्यावर शिक्षकाचा चेहरा कसा झाला, एवढं पाहिलंत तरी पुरे.

माझी मुलगी लाजाळू आहे. तिचं अशा ठिकाणी काय होईल?

कदाचित सर्वांत जास्त फायदा तिचाच होईल. बोलक्या मुली कुठेही बोलतात. पण तिला भाषणाच्या स्पर्धेत ढकलू नका. इतिवृत्त लिहिणं, हिशेब ठेवणं, प्रयोगशाळेतलं वेळापत्रक लावणं अशा कामातून सुरुवात होऊ द्या. ज्याच्याकडे कागद असतात त्याला लोक विचारायला येतात, आणि मग उत्तर द्यावंच लागतं.

प्रवेश झाला आहे. पहिल्या वर्षी काय करू?

एक पद घ्या, लहानसं, पण ज्यात पैसे किंवा माणसं सांभाळावी लागतील असं. ‘सदस्य’ म्हणून दहा समित्यांवर नाव लावू नका. एक परकी भाषा निवडा आणि तीन वर्षं सोडू नका. आपल्याहून वेगळ्या भाषेची, धर्माची किंवा देशाची मुलगी खोलीत मिळत असेल तर बदली मागू नका, निदान पहिलं सत्र तरी. दर वर्गात, दर आठवड्याला एक प्रश्न विचारा. बरा असो वा वाईट. निवडणुकीला उभ्या राहा. हरलात तर जिंकलेल्या मुलीला भेटून तिच्या कार्यकारिणीत काम मागा. ती हो म्हणाली तर ठीकच; नाही म्हणाली तर वार्षिक सभेत हिशेबावर प्रश्न विचारायला तुम्ही मोकळ्या आहात. फक्त हिशेब आधी वाचून जा.